नोकरी सांभाळून फॉरेन्सिक मेंटल हेल्थचं पदव्युत्तर शिक्षण: आत काय असतं आणि गाडी कुठे अडते

पेशंटला बरं वाटावं म्हणून त्याच्याशी बोलणं हे एक काम. कोर्टाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्याच माणसाशी बोलणं हे दुसरं. पहिल्यात समोरच्याचं म्हणणं आपण बहुतेक वेळा खरं धरून चालतो. दुसऱ्यात ते पोलिसांच्या कागदांशी, जुन्या केसपेपरांशी, घरच्यांच्या जबाबांशी ताडून पाहावं लागतं, आणि तू जे सांगशील ते तुझ्या विरोधातही जाऊ शकतं, हे त्याला आधीच सांगावं लागतं. फॉरेन्सिक मेंटल हेल्थचा, म्हणजे कोर्ट आणि तुरुंगाशी जोडलेल्या मानसिक आरोग्याचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन-तीन वर्षं घेऊन मुख्यतः ही दुसरी सवय लावतो. आजार, लक्षणं, औषधं यांची उजळणी होते, पण धावती. गंमत अशी की मानसोपचार वॉर्डात पंधरा-पंधरा वर्षं काढलेल्यांचाच पहिल्या असाइनमेंटला जास्त गोंधळ उडतो. उपचार करणाऱ्याची नजर अंगवळणी पडलेली असते, ती सहजी सुटत नाही.

वर्गात सगळ्या बाजूंची माणसं असतात: मानसोपचारातल्या नर्स, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समाजकार्यकर्ते, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, तुरुंग अधिकारी, प्रोबेशन ऑफिसर, क्वचित वकील आणि पोलीस. कामाच्या जागाही तितक्याच वेगवेगळ्या. तुरुंगातला दवाखाना, बंदोबस्तातलं मनोरुग्णालय, पोलीस कोठडीतली तपासणी, सुटून आलेल्या माणसावर लक्ष ठेवणारी बाहेरची टीम. या विषयाची गरज किती आहे ते एका जुन्या आकडेवारीवरून कळतं. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्यात १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र केल्या होत्या, कैदी होते सुमारे २३ हजार. दर सात कैद्यांमागे एकाला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा आजार) किंवा तीव्र नैराश्य होतं. ही सगळी मंडळी रोज कुणाच्या तरी पुढ्यात येतात, आणि तो माणूस बहुतेक वेळा यासाठी शिकलेला नसतो.

काल, आज आणि उद्या

कायदा मनाच्या अवस्थेबद्दल बरेच प्रश्न विचारतो. त्यातले मुख्य तीन वेगवेगळ्या काळांबद्दल असतात, आणि पहिल्या सत्रातला निम्मा वेळ ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जातो.

पहिला प्रश्न भूतकाळाचा: गुन्हा घडला त्या क्षणी या माणसाला आपण काय करतोय ते कळत होतं का? १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव. ज्युरीने मॅकनॉटनला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं, गदारोळ झाला, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांकडून खुलासा मागवला. त्यांनी जे उत्तर दिलं त्यातून नियम तयार झाला: मनाच्या आजारामुळे कृत्याचं स्वरूप किंवा ते चुकीचं आहे हे त्या वेळी कळत नसेल, तर गुन्ह्याची जबाबदारी नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम २२, याच घराण्यातलं.

दुसरा प्रश्न आजचा: खटला समजून घ्यायला आणि वकिलाला नीट माहिती द्यायला तो सध्या सक्षम आहे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये डस्की खटल्यात याची कसोटी घालून दिली. वकिलाशी समजून-उमजून सल्लामसलत करता येणं आणि आपल्यावर काय चाललंय याचं वास्तव भान असणं, या दोन गोष्टी त्यात पाहतात. तिसरा प्रश्न उद्याचा: हा बाहेर गेला तर पुन्हा हिंसा करेल का, आणि ती टाळायला काय करावं लागेल?

एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. गुन्ह्याच्या वेळी पूर्ण भानावर असलेला माणूस आठ महिने कोठडीत राहून खटल्याच्या वेळी सक्षम नसू शकतो. उलटही होतं: त्या रात्री तीव्र भ्रमात असलेला माणूस औषधांनी सावरून कोर्टात व्यवस्थित उत्तरं देतो, आणि ते पाहून कुणाला तरी वाटतं की याला काही झालंच नव्हतं.

आणखी एक अडचण निदानाची. स्किझोफ्रेनिया आहे एवढ्यावर यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. समजा, एकाला कानात आवाज ऐकू येतात. त्याने दुकानातून मोबाइल उचलला, खिशात लपवला, कॅमेरा चुकवून मागच्या दाराने निघाला आणि संध्याकाळी विकून टाकला. आजार खरा आहे, पण लपवणं, चुकवणं, विकणं यावरून कृत्य चुकीचं असल्याचं त्याला कळत होतं असंच दिसतं. हा दुवा, म्हणजे अमुक लक्षणाचा तमुक कृतीशी संबंध होता की नव्हता, पुराव्यानिशी दाखवणं हेच खरं काम. विद्यार्थी निदानावर चार पानं लिहितात आणि या दुव्यावर दोन ओळी. मार्क तिथे जातात.

खोटं आजारपण ओळखण्याचा भागही इथेच येतो. काही चाचण्यांमागचा हिशेब साधा आहे. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला दोनच पर्याय. ज्याला खरोखर काही आठवत नाही तो अंदाजाने ठोकत गेला तरी पंचवीसच्या आसपास बरोबर येतात. सतरा किंवा त्याहून कमी येणं निव्वळ योगायोगाने शंभरात दोनदाही होत नाही. एखाद्याचे बाराच बरोबर आले, तर त्याला बरोबर उत्तर माहीत असून तो ते टाळतोय अशी शंका रास्त आहे. पण एवढ्यावर थांबलात तर फसाल. खरा आजार असलेला माणूसही भीतीपोटी लक्षणं वाढवून सांगतो. ढोंग सापडलं म्हणून आजार नाही, असं होत नाही.

जोखमीचा हिशेब

हिंसेची जोखीम मोजणं हा अभ्यासक्रमातला सर्वांत भरगच्च भाग. सगळ्यात ओळखीचं साधन एचसीआर-२०. सध्या वापरात असलेली तिसरी आवृत्ती २०१३ ची. वीस घटक: दहा इतिहासाचे (आधीची हिंसा, व्यसन, नोकरी, नातेसंबंध वगैरे), पाच सध्याच्या मनःस्थितीचे, पाच पुढच्या नियोजनाचे. प्रत्येक घटक आहे की नाही हे ठरवून, तो या माणसाच्या बाबतीत किती महत्त्वाचा हे वेगळं नोंदवायचं. मग या घटकांची गुंतवळ कशी आहे ते मांडायचं, पुढे काय काय घडू शकतं त्याचे प्रसंग लिहायचे आणि प्रत्येक प्रसंगावर उपाय. वीस घटकांची बेरीज करून ‘याला २६ गुण, म्हणजे धोकादायक’ असं लिहिणं ही नवशिक्याची हमखास चूक. हे साधन बेरजेसाठी बनवलेलंच नाही.

उपयोगी प्रसंग कसा लिहितात? ‘पुन्हा हिंसा होण्याची शक्यता मध्यम’ या वाक्याचा वॉर्डातल्या कुणालाच काही उपयोग नाही. त्याऐवजी असं लिहिलं तर: ‘औषध दोन आठवडे चुकलं, झोप चार तासांवर आली आणि त्याच सुमारास भावाशी पैशांवरून वाद झाला, तर तो भावावर घरातल्या हाताला लागेल त्या वस्तूने हल्ला करू शकतो, इशारा म्हणजे तो जेवणात काहीतरी मिसळलंय असं म्हणू लागतो.’ आता भेट द्यायला येणाऱ्या कर्मचाऱ्याला काय विचारायचं ते कळलं: झोप किती, भावाशी बोलणं कसं, जेवतोस ना.

दुर्मीळ घटनांचा अंदाज बांधताना गणित दगा देतं, तेही समजून घ्यावंच लागतं. धरा, हजार माणसांपैकी पन्नास जण पुढच्या वर्षभरात गंभीर हिंसा करणार आहेत. आपली चाचणी ऐंशी टक्के अचूक आहे, दोन्ही बाजूंनी. त्या पन्नासांतले चाळीस ती पकडते. उरलेल्या साडेनऊशे निरुपद्रवी माणसांपैकी वीस टक्के, म्हणजे एकशे नव्वद जणांवरही ती शिक्का मारते. शिक्का बसलेले एकूण दोनशे तीस, त्यात खरे चाळीस. म्हणजे धोकादायक ठरवलेल्या दर सहा जणांत जवळपास पाच जण काहीच करणार नव्हते. उलट, सुरक्षित ठरवलेल्या सातशे सत्तरपैकी चुकीचे फक्त दहा. चाचणी तीच, पण ‘याला सोडावं का’ आणि ‘याला डांबून ठेवावं का’ या दोन प्रश्नांना तिचा आधार सारखा नाही. कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. उलटतपासणीत वकील नेमका इथेच बोट ठेवतो.

तज्ज्ञ स्वतः किती निःपक्ष असतो, हा प्रश्नही अवघड जागचा. अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरावर फॉरेन्सिक तज्ज्ञांना सारख्याच फायली दिल्या. काहींना सांगितलं की तुम्हाला सरकारी पक्षाने नेमलंय, काहींना बचाव पक्षाने. सायकोपथी (दुसऱ्याची कणव आणि पश्चात्ताप नसण्याचा स्वभाव) मोजणाऱ्या पीसीएल-आर या चाचणीत सरकारी बाजूच्या म्हणवल्या गेलेल्यांनी सरासरीने जास्त गुण दिले. त्या चाचणीत वीस घटक असतात, प्रत्येकाला शून्य ते दोन, आणि गुण देताना स्वतःच्या मताला बराच वाव असतो. मताला कमी वाव असलेल्या दुसऱ्या चाचणीत हा कल फिका पडला. यात कुणी लबाडी केली होती असं नाही. म्हणूनच ते जास्त गंभीर आहे.

अहवाल

या क्षेत्रात तुमची ओळख तुमच्या अहवालावरून होते. सुरुवातीला कुणी, कोणता प्रश्न विचारला ते शब्दशः. मग कोणती कागदपत्रं पाहिली आणि कोणती मागूनही मिळाली नाहीत. भेट किती वेळ, कुठे, बेड्या होत्या का, दुभाषा होता का. मग त्याने सांगितलेलं, इतरांनी सांगितलेलं, आपण पाहिलेलं, हे तिन्ही वेगवेगळं. शेवटी मत, मताची कारणं आणि त्या मताच्या मर्यादा. निरीक्षण आणि मत एकाच वाक्यात मिसळलं की अहवाल ढिला पडतो.

रोजच्या नोंदी लिहिण्याची सवय इथे आडवी येते. ‘रुग्ण आक्रमक व असहकार्याचा होता’ हे वाक्य वॉर्डाच्या वहीत रोज लिहिलं जातं. कोर्टात त्यावर पहिला प्रश्न येतो, म्हणजे नेमकं काय केलं? तेच असं लिहिलं तर: ‘संध्याकाळी साडेसहाला गोळ्या देताना त्याने ग्लास भिंतीवर फेकला, कुणाला लागला नाही, दहा मिनिटांनी गोळ्या घेतल्या.’ आता वाचणारा स्वतः ठरवेल आक्रमक की नाही. अहवालाची असाइनमेंट द्यायच्या आधी विशेषणांवर एकदा पेन फिरवावं आणि प्रत्येकाच्या जागी घडलेली गोष्ट टाकावी, मजकूर आपोआप सुधारतो.

अंतिम निकाल तज्ज्ञाने द्यायचा की नाही, यावर देशोदेशी वेगळे नियम आहेत. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत १९८४ पासून पुराव्याच्या नियमांतल्या ७०४(ब) प्रमाणे, गुन्ह्याला किंवा बचावाला आवश्यक असलेली मनःस्थिती आरोपीची होती की नव्हती, यावर तज्ज्ञाला फौजदारी खटल्यात मत देता येत नाही. ते न्यायालयाचं काम. तुमच्याकडे नियम कोणताही असो, ‘तो दोषी नाही’ असं लिहिणं तुमच्या अखत्यारीत येत नाही.

दोन भूमिका

ज्याच्यावर आपण उपचार करतोय त्याच्याबद्दलच कोर्टाला अहवाल द्यायचा, असा प्रसंग नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर हटकून येतो, कारण आसपास दुसरं कुणी नसतं. शक्य असेल तिथे नकार द्यावा. अहवाल विरोधात गेला तर उपचाराचं नातं संपतं, बाजूने गेला तर वकील म्हणतो, साहजिक आहे, हा त्याचाच डॉक्टर. नाइलाज असेल तर दोन्ही भूमिका पेशंटला समजावून सांगाव्यात, आणि त्या अहवालातही लिहाव्यात. पहिल्या भेटीत पाच गोष्टी सांगायच्या असतात: मी कोण, मला कुणी पाठवलं, हा उपचार नाही, अहवाल कुणाकुणाच्या हातात जाईल, आणि बोलायला तू नाही म्हणू शकतोस. एवढं सांगून भागत नाही. त्याला काय कळलं ते त्याच्या शब्दांत परत सांगायला लावावं आणि तेच शब्द टिपून ठेवावेत.

गुप्ततेची सीमा कुठे संपते याची चर्चा टॅरासॉफ खटल्यापासून सुरू होते. पेशंटने थेरपिस्टकडे एका तरुणीला मारण्याचा इरादा बोलून दाखवला होता. पोलिसांना कळवलं गेलं, तिला नाही, आणि तिचा खून झाला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटलं की धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. हा निकाल सगळीकडे कायदा नाही. आपल्या देशात काय बंधन आहे ते आपापल्या कायद्यात पाहावं लागतं; परीक्षेत टॅरासॉफ लिहून मोकळं होणाऱ्यांना हे विसरायला होतं.

तास कुठून आणायचे

ब्रिटिश पद्धतीत पूर्ण मास्टर्स १८० क्रेडिटचं, एका क्रेडिटला दहा तास, म्हणजे १,८०० तास. सर्टिफिकेट ६० क्रेडिटचं, डिप्लोमा १२० चा. युरोपात ईसीटीएस (तिथली क्रेडिट पद्धत) मोजतात, तिथे एका क्रेडिटला पंचवीस ते तीस तास. वर्षातले पंचेचाळीस आठवडे अभ्यासाचे धरले तर १,८०० तास दोन वर्षांत बसवायला आठवड्याला वीस तास पडतात, तीन वर्षांत तेरा-साडेतेरा. शिफ्ट ड्युटी करणाऱ्याने दोन वर्षांचा पर्याय घेण्याआधी महिन्याचा रोस्टर समोर ठेवून हे वीस तास त्यात पेन्सिलने भरून पाहावेत. नाइट शिफ्टनंतरच्या दिवशी वाचलेलं काही डोक्यात राहत नाही; ते तास धरूच नयेत.

बरेच अभ्यासक्रम सलग तीन-चार दिवस शिकवतात, नोकरदारांना ते सोयीचं वाटतं. पण २० क्रेडिटच्या मॉड्यूलमध्ये वर्ग पंचवीस-तीस तासांचाच असेल, तर बाकीचे पावणेदोनशे तास तुमच्या एकट्याचे. शिकवणी संपली की सुटलो असं वाटतं आणि पाच आठवडे कोरे जातात. आपल्याला झेपेल का अशी शंका असेल तर सर्टिफिकेटला नाव घालावं. कित्येक ठिकाणी ते क्रेडिट पुढे मास्टर्समध्ये धरतात, पण किती वर्षांच्या आत, ते आधी विचारावं.

नोकरीच्या ठिकाणाहून तीन गोष्टी लेखी घ्या: अभ्यासाची रजा किती, फीचा वाटा कोण देणार आणि मध्येच नोकरी सोडली तर परत करायचा का, आणि कामातल्या केसेस असाइनमेंटमध्ये वापरायला परवानगी आहे का. तोंडी ‘हो, हो’ म्हणणारे साहेब दीड वर्षात बदलून जातात. केस वापरताना नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं समजू नका. पेपरात गाजलेल्या गुन्ह्यात वय, गाव आणि हत्यार एवढ्यावरून माणूस कळतो.

प्रबंध

प्रबंध साधारण ६० क्रेडिटचा, म्हणजे ६०० तास, आणि सर्वांत जास्त माणसं इथेच गळतात. कारण बहुधा एकच: आपल्याच वॉर्डातल्या पेशंटच्या मुलाखती घ्यायचं ठरवलेलं असतं. ज्याची सुटका तुमच्या शेऱ्यावर अवलंबून आहे तो तुम्हाला नाही कसं म्हणणार? एथिक्स कमिटीला ती संमती खरी वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. विद्यापीठाची परवानगी, हॉस्पिटलची वेगळी, तुरुंग खात्याची त्याहून वेगळी. यात आठ-नऊ महिने सहज निघून जातात, आणि तोवर प्रबंधाची मुदत अर्धी सरलेली असते. हाताखालच्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींनाही हीच अडचण आहे, फक्त ती कमी दिसते.

सोपे मार्ग दोन. ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदी वापरा, किंवा प्रकाशित संशोधनाचा पद्धतशीर आढावा घ्या. आढाव्याला माणसांची परवानगी लागत नाही, पण शिस्त लागते: कोणते डेटाबेस, कोणते शोधशब्द, कोणते लेख घ्यायचे आणि कोणते वगळायचे, हे शोध सुरू करण्याआधी लिहून ठेवायचं. प्रश्न मात्र लहान असू द्या. ‘कैद्यांमधल्या आत्महत्या’ या विषयात आयुष्य जाईल. ‘तुरुंगात आल्यावर पहिल्या चोवीस तासांत भरायच्या आत्महत्या-तपासणी फॉर्ममधले कोणते रकाने कोरे राहतात’ हे एका माणसाला सहाशे तासांत पुरं करता येतं, आणि उत्तर निघालं तर फॉर्म बदलताही येतो.

पदवीने काय मिळत नाही

प्रवेशाआधी विचारायला हवं आणि फी भरल्यावर विचारलं जातं, असा हा मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे. एचसीपीसीकडे (तिथल्या आरोग्य व्यवसायांच्या नोंदणी परिषदेकडे) नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही, आणि नुसत्या मास्टर्सवर ती नोंदणी मिळत नाही, पुढे देखरेखीखालचं प्रशिक्षण लागतं. फॉरेन्सिक मेंटल हेल्थची पदवी आणि फॉरेन्सिक सायकॉलॉजीची पदवी या वेगळ्या वाटा आहेत. नर्स पदवी घेतल्यावरही नर्सच राहते. तिच्या कामाची जागा, पद आणि अहवालाचं वजन बदलू शकतं. नोंदणीबद्दल कॉलेजच्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नका, आपल्या देशातल्या नोंदणी परिषदेला थेट विचारा.

कॉलेजला विचारायचं ते असं: जोखीम-मूल्यांकनाच्या साधनांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण फीमध्ये आहे का, की नुसती ओळख? अहवालावर शेरे कोण देतं, कोर्टात साक्ष दिलेला माणूस की फक्त प्राध्यापक? सराव उलटतपासणी होते का, आणि ती घ्यायला खरा वकील येतो का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर आणखी एक विचारून घ्या: त्यात विद्यार्थ्याचा स्वतःचा अहवाल वापरतात की छापील नमुना. स्वतःच्या अहवालातल्या एका विशेषणावर वकिलाने सलग वीस मिनिटं छेडलं, की त्यानंतरच्या अहवालांत ते विशेषण पुन्हा येत नाही.